चॅनल बंद केले वरच्यांनी, पैसे वाढवते गावचा केबलवाला. हे भांडण नेमकं कोणाचं हाय?

कापूसवाला_आर्णी

रामराम मंडळी. आमचं गाव आर्णी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी केबल हाय, छत्री (डिश) नाई. मागच्या आठवड्यात एका मोठ्या ग्रुपचे सगळेच्या सगळे चॅनल गेले, मराठी, हिंदी, पिच्चरचा, क्रिकेटचा, सगळे. लावलं का निळी स्क्रीन येते अन् खाली लिहून येते का ब्रॉडकास्टरने सिग्नल बंद केला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मायच्या संध्याकाळच्या दोन सिरीयल तिथंच असते, तिले वाटलं म्याच बिल भरलं नाई म्हणून कापलं, दोन दिवस माह्याशी धड बोलली नाई.

केबलवाल्या पोराले फोन लावला तर म्हणते भाऊ माह्या हातात काही नाई, वरतं भांडण चालू हाय, चॅनलवाले रेट वाढवून मागून रायले अन् आपली कंपनी द्याले तयार नाई. बरं म्हटलं, ठीक हाय. मंग तोच म्हणते का भांडण मिटलं का तुमचा 300 चा पॅक 340 होईन. अन् तिकडं पेपरात त्याच चॅनलवाल्याची अर्धं पान जाहिरात, का तुमच्या केबलवाल्याला आजच फोन करा अन् आमचे चॅनल मागा. म्हणजे दोघंही आपल्यालेच फोन कराले लावते अन् दोघंही आपल्याच खिशात हात घालते.

मले जे समजत नाई ते हे का चॅनलवाल्याले जाहिरातीचे पैसे भेटते ना? दर दहा मिनिटाले साबण अन् पावडर दाखवतेच. मंग जितक्या जास्त घरी दिसन तितकं त्याचंच भलं, त्यानं उलट केबलवाल्याले पैसे द्याले पायजे का बाबा माहा चॅनल दाखव. इथं सगळं उफराटं. कोण कोणाले किती देते अन् हा 40 रुपयाचा आकडा आला कोठून? अन् जे चॅनल दिसतच नाई त्याचे पैसे या महिन्याचे द्याचे का नाई? पावती त्यानं आजलोक दिली नाई, येते अन् नोट घेऊन जाते. कापूस अजून घरातच पडला हाय, भाव पाहून काढाचा हाय, म्हणून 40 रुपये बी सध्या डोळ्यात येते. कोणाले माहिती असन तर सांगजा.

दिग्रसचा_पोट्टा

आमच्या इकडे बी सेम टू सेम. आमचा तर फोनच उचलत नाई. मोबाईलवर पाहून रायलो मॅच, पण रेंज येते ते गच्चीवर.

केबलवाला_कारंजा

भाऊ मी स्वतः लोकल ऑपरेटर आहो, कारंजा लाडच्या पुढच्या खेड्यात धंदा हाय, अडीचशे-तीनशे कनेक्शन. शिव्या तर रोजच खातो त्यामुळं इथं थोडं मोकळं लिहितो, लांब होईन, वाचून घेजा.

आधी साखळी समजा. वरतं चॅनलवाला म्हणजे ब्रॉडकास्टर. त्याच्या खाली एमएसओ, म्हणजे ज्याची नागपूर-अकोल्याले कंट्रोल रूम असते, जो सगळे चॅनल एकत्र करून फायबरवर सोडते. त्याच्या खाली मी, जो तुमच्या घरापर्यंत वायर आणते अन् माकडानं तोडली का पुन्हा जोडते. चॅनलवाल्यासोबत करार असते तो एमएसओचा. माही त्या टेबलावर खुर्चीच नाई. मले व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मॅसेज येते का उद्या सकाळपासून हे 14 चॅनल बंद, ग्राहकांना सांगा. बस. मले कळते तवाच तुमाले कळते, कधी कधी तुमाले पेपर वाचून आधी कळते.

आता पैसे. 2019 मध्ये ट्रायची, म्हणजे टीव्ही अन् फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवीन पद्धत चालू झाली, तुमाले आठवत असन, तवा सगळ्याहिनं फॉर्म भरले होते का कोणकोणते चॅनल पायजे. त्यात दोन हिस्से. एक, कनेक्शनचा आकार, नेटवर्क कपॅसिटी फी म्हणते त्याले, तवा जास्तीत जास्त 130 रुपये अन् वर 18 टक्के जीएसटी, म्हणून 153 रुपये 40 पैसे. दुसरा हिस्सा, पे चॅनलचे पैसे, जे चॅनलवाला ठरवते. चॅनलवाल्यानं स्वतःच्या वेबसाईटवर छापील रेट टाकाचा असते अन् तो चॅनल पॅकमध्ये टाकाचा असन तर 19 रुपयाच्या वर जाता येत नाई. झी मराठीचा रेट 2019 मध्ये पुरा 19 होता, म्हणजे कमाल रेटची टोपी जिथवर होती तिथवर.

समजा तुमच्या घरी 130 चा आकार अन् 100 रुपयाचे पे चॅनल. 230 झाले, जीएसटी 41 रुपये 40 पैसे, बिल 271 रुपये 40 पैसे. त्या 100 पैकी 80 चॅनलवाल्याले, 20 दाखवणाऱ्याले. अन् हे 20 अन् ते 130, दोन्ही एमएसओ अन् माह्यात 55-45 नं वाटाचे, वेगळं काही ठरलं नसन तर. म्हणजे एमएसओले 82 रुपये 50 पैसे, मले 67 रुपये 50 पैसे, सरकारले 41.40. त्या साडेसदुसष्टात माही गाडी, ॲम्प्लिफायरची लाईट, दोन पोट्टे कामाले, अन् जे कापूस विकल्यावर देतो म्हणते त्याहिची उधारी. अन् हे कागदावरचं हाय. खरं तर एमएसओ मले दर कनेक्शनमागं ठोक आकडा लावते अन् वरचं जे भेटन ते माहं, म्हणून गावागावात रेट वेगळा दिसते.

मंग भांडण कशाचं? इथंच सगळे चुकते. लोकाले वाटते चॅनलवाला म्हणते 19 अन् एमएसओ म्हणते 15 दे. तसं नाई. छापील रेट सगळ्याले सारखा हाय, केबलले तोच, छत्रीवाल्या मोठ्या कंपनीले तोच, कायदाच हाय का भेदभाव करता येत नाई अन् मागणाऱ्याले चॅनल द्याच लागते. भांडाभांडी असते ती त्या रेटच्या पाठीमागच्या सुटीवर. चॅनलवाला एमएसओले 20 टक्क्याच्या वर आणखी 15 टक्क्यापर्यंत सूट देऊ शकते. पण फुकट नाई देत. म्हणते का तुह्या 100 घरापैकी इतक्या घरात माहा पुरा पॅक गेला पायजे, एकेकटा चॅनल नाई, पुरा पॅक, त्यात तो कोणी न पाहणारा म्युझिकचा अन् कार्टूनचा बी आला, तवा तुले पंधरा टक्के. अन् माहा मराठी चॅनल अमुक नंबरच्या शेजारी ठेव. एमएसओले ते पंधरा टक्के पायजेच, कारण त्याचा नफा तिथंच हाय. म्हणून तो आमाले म्हणते का सगळ्याले हाच पॅक लावा. अन् म्हणून तुमचा केबलवाला तुमाले सांगते का 340 वालाच घ्या, वेगवेगळे होत नाई. होते भाऊ. सांगत नाई.

म्हणजे तुमच्या 19 रुपयासाठी कोणी भांडत नाई. त्या 15 टक्क्यासाठी भांडते, अन् तुमी त्याच्यात मोजाचं डोकं आहा.

तुमचा दुसरा सवाल, चॅनलवाल्यानं पैसे द्याले पायजे म्हणता, तर ते बी असते. त्याले कॅरेज फी म्हणते. नवीन न्यूज चॅनल येते, कोणी ओळखत नाई, तो एमएसओले म्हणते मले घे. तवा एमएसओ पैसे घेते, कायद्यानं दर ग्राहकामागं महिन्याले जास्तीत जास्त 20 पैसे, एचडीले 2024 लोक 40 पैसे होते. ऐकाले कमी वाटते पण 5 लाख डब्बे असन तर एका चॅनलचे महिन्याले 1 लाख झाले. अन् चॅनल चालला, पाचातल्या एका घरानं घेतला, का कॅरेज फी शून्य. म्हणजे ज्याची गरज ज्याले जास्त तो देते. मायच्या सिरीयलवाल्या चॅनलची गरज आमाले जास्त हाय, म्हणून आमी देतो. भोजपुरी गाण्याच्या चॅनलले आमची गरज जास्त, म्हणून तो देते.

जेवण करून येतो, 2023 चं बी लिहाचं हाय.

वाशीमचा_राम

भाऊ हे सगळं खरं असन पण तुमी लोक बी काही कमी नाई. आमच्या गावात लाईट चार तास नसते, वायर आठवडाभर तुटलेली असते अन् पैसे पुऱ्या महिन्याचे. माकडाचं नाव सांगून किती दिवस काढान.

केबलवाला_कारंजा

@वाशीमचा_राम माकड आमच्या इकडं खरंच हाय ना बाप्पा, येऊन पाय. बाकी आठवडाभर तुटली असन तर पैसे कापून देत जा, मी तरी कापतो.

आता 2023. ट्रायनं नोव्हेंबर 2022 मध्ये नियम बदलले, मधात दोन-अडीच वर्षं कोर्टात लटकले होते, टोपी 12 रुपये करू म्हणे, चॅनलवाले मुंबई हायकोर्टात गेले, मंग शेवटी 12 सोडून पुन्हा 19 च ठेवली अन् पॅकवर 45 टक्क्याच्या वर सूट नाई असं केलं. 1 फेब्रुवारी 2023 पासून लागू. चॅनलवाल्याहिनं नवे रेट काढले, वाढवून. नवे रेट म्हणजे नवा करार सही करा. केबलवाल्याहिची मोठी संघटना हाय, ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन, ते म्हणे आमी सही नाई करत, ग्राहकावर बोजा पडते, अन् केरळ हायकोर्टात गेले. तर फेब्रुवारीच्या मधात डिस्ने स्टार, झी अन् सोनी तिघाहिनं एकदमच सही न करणाऱ्याहिचा सिग्नल कापला. फेडरेशन म्हणे साडेचार कोटी घरं अंधारात. पाच-सहा दिवस चाललं. मंग सही केली, चॅनल आले. रेट नवाच.

त्या आठवड्यात मले जितके फोन आले तितके माह्या लग्नात बी नव्हते आले. अन् पाचव्या दिवशी लोक छत्री लावाले लागले. एमएसओ त्यालेच भेते. चॅनलवाल्याले माहीत असते का छत्रीवाल्याहिनं सही केलीच हाय, म्हणजे ग्राहक कुठं बी गेला तरी पैसे त्यालेच येणार, पडन तर केबलवालाच पडन. म्हणून दरवेळी पहिले केबलवालाच वाकते. हे लिहून ठेवा, तुमचं बी तसंच मिटन, अन् मोठी मॅच तोंडावर असन तर आणखीनच लवकर.

कायद्याचं_बोला (अमरावती)

कारंजाच्या भाऊंनी बाजू चांगली मांडली, मी फक्त मूळ प्रश्नातल्या पैशांबद्दल सांगतो, कारण तिथं तुमचा हक्क सरळ आहे.

चॅनल बंद करायचा असेल तर ब्रॉडकास्टरने केबल कंपनीला (एमएसओला) किमान तीन आठवडे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ग्राहकाला कळावं म्हणून त्याच चॅनलवर पंधरा दिवस आधी खाली पट्टी फिरवावी लागते की अमुक तारखेपासून हा चॅनल दिसणार नाही. म्हणजे मागच्या आठवड्यात बंद झालं तर त्याच्या आधी पट्टी फिरलेली असणार. आपण वाचत नाही ही गोष्ट वेगळी, सिरीयल चालू असताना खाली काय लिहिलंय ते कोण बघतं.

दुसरं, ज्या दिवसापासून चॅनल बंद, त्या दिवसापासून त्या चॅनलचे पैसे घेता येत नाहीत. हे ट्रायच्या 2017 च्या नियमांतच आहे. पॅकमधले चॅनल गेले तर पॅकचा भाव तेवढा खाली आला पाहिजे. त्यामुळे 300 चे 340 तर सोडाच, या महिन्याचे 300 सुद्धा पूर्ण द्यायचं कारण नाही.

तिसरं, पावती. पावती न देता रोख घेणं चालूच आहे सगळीकडे, पण कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावावर जे लावलंय आणि पोरगा जे घेतो त्यात फरक निघतो का ते पावतीशिवाय कळणार नाही. तुमच्या डब्ब्यावर एक नंबर असतो, कंपनीच्या कस्टमर केअरला तो सांगा आणि माझ्या नावावर कोणता पॅक चालू आहे एवढंच विचारा. माझ्या मामांकडे (दर्यापूरजवळ) असं विचारलं तर त्यांच्या नावावर लहान पॅक निघाला आणि पैसे मोठ्याचे जात होते. कोणाचं नाव घेत नाही.

कंपनी आणि ब्रॉडकास्टरचं आपसातलं भांडण टीडीसॅट नावाच्या न्यायाधिकरणात चालतं, दिल्लीला. ते ग्राहकाचं ठिकाण नाही. आपल्यासाठी कस्टमर केअर, मग कंपनीचा नोडल ऑफिसर, आणि तिथंही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 40 रुपयांसाठी यवतमाळला कोणी चकरा मारणार नाही हे मलाही कळतं आणि कंपनीलाही.

एक दुरुस्ती मात्र. 130 ची मर्यादा आता राहिलेली नाही. ट्रायने जुलै 2024 मध्ये ती काढून टाकली, कनेक्शनचा आकार किती लावायचा हे कंपनीवर सोडलं, फक्त जाहीर करावा लागतो. त्यामुळे तुमचे 40 रुपये सगळे चॅनलवाल्याकडे चाललेत असं गृहीत धरू नका. भांडणाच्या धुरळ्यात आकारही थोडा वर सरकवून घेतात.

केबलवाला_कारंजा

हे शेवटचं बरोबर हाय साहेब. 40 मधले चॅनलवाल्याचे किती हे तुमी त्याच्या वेबसाईटवर जुना अन् नवा रेट पाहून काढू शकता. माह्या अंदाजानं अर्धे बी निघणार नाई. आता हे म्याच सांगतो म्हटल्यावर आमचे बाकी ऑपरेटर मले ग्रुपमधून काढतीन.

अँटेनावाले_काका

कापूसवाले भाऊ, इतका डोक्याले ताप कायले? डीडी फ्री डिश लावा. एकदाचा डब्बा अन् छत्रीचा खर्च, मंग महिन्याले शून्य रुपये. 2004 पासून हाय, तवा डीडी डायरेक्ट प्लस म्हणे. सह्याद्री दिसते, बातम्या दिसते, हिंदी पिच्चर तर इतके का मोजू नका. आमच्या दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात अर्ध्याच्या वर घरावर फ्री डिशचीच छत्री हाय, पाणी खारं पण टीव्ही फुकट.

दिग्रसचा_पोट्टा

काका पण त्यावर मोठ्या मराठी सिरीयलचे चॅनल येत नाई ना. भावाच्या मायले तेच पायजे.

अँटेनावाले_काका

नाई येत ते खरं हाय. अन् ते काहून येत नाई ते बी याच भांडणात बसते, सांगतो. फ्री डिशवर प्रायव्हेट चॅनलले जागा फुकट भेटत नाई, प्रसार भारती (दूरदर्शनवाली सरकारी संस्था) लिलाव करते, बोली लागते, चॅनलवाला वर्षाचे कोट्यवधी रुपये मोजून जागा घेते. आलं ना ध्यानात? तोच चॅनलवाला जो केबलवर आपल्याजवळून पैसे घेते, तो फ्री डिशवर स्वतः पैसे भरून आपल्याले फुकट दाखवते, कारण तिथं त्याले जाहिरातीसाठी डोळे पायजे. कापूसवाल्या भाऊचा सवाल होता ना का उलट त्यानंच द्याले पायजे, तर भाऊ तसं दुकान देशात चालू हाय, फक्त दुसऱ्या गल्लीत.

पण मोठ्या ग्रुपचं असं का फुकटवाल्या गल्लीत गर्दी वाढली का पैशेवाल्या गल्लीतला गिऱ्हाईक म्हणते मी काहून देऊ. म्हणून 1 एप्रिल 2022 ले चार मोठ्या ग्रुपहिनं आपापले एकेक हिंदी चॅनल फ्री डिशवरून काढून घेतले, स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल. आमच्या घरी त्या दिवशी एप्रिल फूल समजले. त्याच्या आधी 2019 मध्ये बी काढले होते, मंग वापस आणले. ज्या साली जाहिरात जास्त महत्त्वाची वाटली त्या साली आत, ज्या साली महिन्याचे पैसे महत्त्वाचे त्या साली बाहेर. झी अनमोल तर पुढच्या साली वापस बी आला. मराठीतला मोठा चॅनल ते कधीच टाकणार नाई तिथं, कारण मराठी बाई सिरीयलसाठी पैसे देतेच हे त्याहिले पक्कं माहीत हाय.

पुण्यातला_वऱ्हाडी

मी मूळचा मोर्शीचा, आता पुण्यात, आणि कामासाठी थोडा काळ अमेरिकेत होतो, तर सांगतो की हे दुखणं तिकडं आपल्यापेक्षा जुनं आहे. तिथं जे लोकल स्टेशन साध्या अँटेनावर फुकट दिसतं, त्याच स्टेशनला 1992 च्या कायद्याने हक्क दिला की केबलवाल्याला दाखवायचं असेल तर आमची परवानगी घ्या, आणि परवानगी म्हणजे पैसे. करार संपायच्या रात्री बारा वाजेपर्यंत दोघं ताणतात आणि नाही जमलं तर स्क्रीन काळी. 2013 मध्ये टाइम वॉर्नर केबलवर सीबीएस महिनाभर बंद होतं, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांत. आणि फुटबॉलचा सीझन तोंडावर आला तसं मिटलं.

2023 चं चार्टर ही केबल कंपनी आणि डिस्ने यांचं भांडण जास्त मजेशीर होतं. दीड कोटीच्या आसपास घरं, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी बंद, आणि 11 सप्टेंबरला सोमवारच्या फुटबॉल मॅचच्या काही तास आधी चालू. पण त्यात केबल कंपनीने पहिल्यांदा उलटं विचारलं, की तुम्ही हाच माल मोबाईल ॲपवर वेगळा विकता, मग आमच्या ग्राहकाने दोनदा पैसे का द्यायचे, ॲप पण यातच द्या. आणि काही पॅकमध्ये ते मिळवलंही.

आपल्याकडचं दुखणं आता तेच आहे असं मला वाटतं. 2023 ची आयपीएल टीव्हीवर पैशाने आणि मोबाईलवर जिओसिनेमावर फुकट होती. त्या वर्षी कोणत्या तोंडाने केबलवाल्याकडून क्रिकेटचे जास्त मागणार? आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तर स्टार आणि वायकॉम18 एकच झाले, जिओस्टार. दोन ग्रुप वेगवेगळे असताना एक रुसला तरी दुसरा दाखवता येत होता, आता तीही सोय गेली. रिलायन्सचा हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांतही मोठा हिस्सा आहे, म्हणजे काही ठिकाणी टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच घरातली माणसं.

वाशीमचा_राम

मंग केबल बंद करा अन् मोबाईल पाहा, सोपं हाय ना.

पुण्यातला_वऱ्हाडी

लोक तेच करतात. डीटीएचचे, म्हणजे छत्रीवाल्या कंपन्यांचे, 2020 च्या सुमारास सात कोटींच्या आसपास ग्राहक होते, आता सहा कोटींच्या खाली आलेत. पण माझ्या आईला मोर्शीला मोबाईलवर सिरीयल लावून देऊन बघितलं, ती म्हणाली इतक्याशा डब्बीत मी माणसं ओळखू का ऐकू. आणि टीव्हीला जोडायचं तर नेट पाहिजे, नेट पुन्हा त्याच केबलवाल्या पोराचं.

केबलवाला_कारंजा

हे खरं हाय, माहा अर्धा धंदा आता ब्रॉडबँडचाच हाय. टीव्हीत काही राहिलं नाई. फक्त बुढे माणसं हाय तोपर्यंत चालन.

कापूसवाला_आर्णी

मंडळी सगळ्याहिचे आभार, इतकं सविस्तर कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. कायदेवाल्या साहेबाहिनं सांगतलं तसं डब्ब्याचा नंबर घेऊन कस्टमर केअरले फोन केला, लय वेळ गाणं ऐकवलं, मंग एक पोरगी आली, तिनं सांगतलं का तुमच्या नावावर 300 चाच पॅक हाय, बरोबर हाय. म्हणजे आपला पोरगा चोर नाई निघाला, हे बरं झालं, त्याचा बाप अन् माहा बाप एका वावरात सालानं होते. पण 340 चं तिले काही माहीत नाई, म्हणे अजून नवा रेट आलाच नाई. तर मंग पोरानं 40 कोठून काढले?

अन् काका, फ्री डिशचं मायले इचारलं. म्हणे सह्याद्री मले आवडते पण ते दोन सिरीयल त्याच्यावर लाव म्हणजे झालं. तिचं बी बरोबर हाय.

केबलवाला_कारंजा

40 चा आकडा त्याले त्याच्या एमएसओनं अंदाजे सांगतला असन का गिऱ्हाईकाची तयारी करून ठेवा. आमाले बी तसंच सांगते. आधी जास्त सांगाचं अन् मंग 25 वाढवले का लोक म्हणते वाचलो बाबा. त्यात पोराचा दोष कमी हाय.

तुमी असं करा. मायचा एकच मराठी चॅनल असन अन् बाकी ग्रुपचं काही कोणी पाहत नसन तर पॅक काढून तेवढा एकटा चॅनल मागा. छापील रेट अन् वर जीएसटी, तेवढेच लागन. पोरगा म्हणन होत नाई, डब्ब्याले प्रॉब्लेम येते, असं म्हणन, तर कस्टमर केअरवरून करून घ्या, त्याले वाईट बी वाटणार नाई. क्रिकेट पायजे असन तर मात्र हिशोब करून पाहा, कधी कधी दोन-तीन एकटे मिळून पॅकच्या वर जाते, 45 टक्के सुटीचा खेळ तोच हाय का तुमी एकटं घ्यालेच नको. अन् या महिन्याचे 300 देताना बंद दिवसाचे कापून द्या, कागदावर लिहून सही घ्या त्याची, छापील पावती नसन तरी चालते.

एक ध्यानात ठेवा, चॅनल वापस आले का कंपनी वरूनच नवा पॅक टाकून देते, तुमाले न इचारता. चालू झाल्याच्या दिवशीच लिस्ट पाहून घ्या, दुसऱ्या महिन्याची वाट नका पाहू.

दिग्रसचा_पोट्टा

ब्रेकिंग: आमच्याकडं आत्ता क्रिकेटचा आला. मराठी अजून निळाच. आर्णीवाले भाऊ तुमच्याकडं पाहा बरं.

कापूसवाला_आर्णी

लाईट नाई इथं. आली का पाहतो.